टिक, आकडा की गोष्ट: घर बांधायला आलेल्यांना कुठला प्रश्न कसा विचारावा

तुम्ही तासगावात दोन वर्षांपूर्वी आर्किटेक्ट म्हणून स्वतंत्र काम सुरू केलंत. घर बांधायला येणाऱ्यांसाठी 42 प्रश्नांचा गुगल फॉर्म केलात. त्यात बहुतेक ठिकाणी टिक करायची किंवा 1 ते 5 गुण द्यायचे. लोक तो अर्ध्यात सोडतात, जे पुरा भरतात ते सगळ्याला 5 देतात, आणि नकाशा समोर ठेवला की म्हणतात, "आम्हाला असं नव्हतं हवं." कुठल्या प्रश्नाला कुठला प्रकार वापरावा, असं तुम्ही विचारलंय.

माझं ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत. 23 वर्षं घरांचीच कामं करते आहे. तुमचा फॉर्म दोनदा वाचला. विषय बरोबर निवडलेत, त्यातल्या निम्म्या गोष्टी मीही विचारते. बिघडलंय ते विचारण्याच्या रीतीत. जिथे गोष्ट ऐकायला हवी तिथे तुम्ही टिक मागितली आहे, आणि जिथे नुसता आकडा पुरला असता तिथे चार ओळींचा रकाना ठेवलाय.

आधी रेटिंगचं बोलू, कारण तुमचे 14 प्रश्न त्यातच गेलेत. "स्वयंपाकघर तुमच्यासाठी किती महत्त्वाचं? 1 ते 5." मग देवघर, पार्किंग, हवा-उजेड. जन्मात एकदा घर बांधणारा माणूस यातल्या कशाला 2 देईल? देवघराला 3 दिले आणि फॉर्म घरात आईने बघितला तर? तो सगळ्याला 5 देणार, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. समजा एखाद्याने अगदी मनापासून विचार करून स्वयंपाकघराला 4 आणि उजेडाला 5 दिले. त्या 4 आणि 5 मुळे तुम्ही नकाशात काय बदलणार? मी हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ते सगळे प्रश्न मी एका दिवसात काढून टाकले.

ही पाच पायऱ्यांची रीत 1932 साली रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडली. "पूर्ण सहमत" पासून "पूर्ण असहमत" पर्यंत. पण त्याचं काम होतं पुष्कळ माणसांचा कल मोजण्याचं, आणि तोही एका वाक्यावरून नव्हे, एकाच विषयावरची अनेक विधानं देऊन त्यांच्या गुणांची बेरीज करून. तुमच्यासमोर कुटुंब एक, आणि विधानही एक. शंभर माणसांत कोणी सढळ हाताने गुण देतो, कोणी आखडता हात घेतो, आणि सरासरीत ते सावरलं जातं. एका माणसाच्या 4 ला सावरणारं कोणी नसतं. तुमचा फॉर्म सर्वेक्षणाच्या साच्यातला आहे आणि तुम्ही सर्वेक्षण करत नाही आहात. बहुतेक तयार नमुने तसेच असतात, त्यामुळे ही अडचण तुमच्या एकट्याची नाही.

मग प्रकार ठरवायचा कशावरून? मी प्रत्येक प्रश्नाबाबत दोन गोष्टी बघते. याचं उत्तर समोरच्याजवळ आत्ता, या घडीला तयार आहे का? आणि ते उत्तर आल्यावर नकाशातली कुठली रेघ हलणार आहे? उत्तर तयार असेल (माणसं किती, गाड्या किती, रस्ता कुठल्या बाजूला) तर टिक किंवा आकडा. उत्तर आहे, पण त्याने ते कधी शब्दांत मांडलेलं नाही, तर त्याला एखादा घडलेला प्रसंग सांगायला लावायचा. आणि उत्तर अजून जन्मालाच आलेलं नसेल, जसं तुमचं "घर मॉडर्न हवं की पारंपरिक", तर तो प्रश्न फॉर्ममध्ये घालायचा नाही. तो कच्चा नकाशा मांडून, समोरासमोर बसून बोलायचा विषय. रेघ हलत नसेल तर प्रश्नच नको. तुम्ही भिंतींचा आवडता रंग विचारलाय. रंगाची वेळ यायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे.

तयार उत्तर म्हणजे काय, ते आपल्या भागात पुराच्या प्रश्नावरून चांगलं कळतं. माझ्या जुन्या फॉर्ममध्ये होतं: "प्लॉटला पुराचा धोका आहे का? हो / नाही." एका गृहस्थांनी "नाही" वर टिक केली. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. ते खोटं बोलले नव्हते. पाणी एकदा आलं, दोन-चार दिवस राहिलं, गेलं. त्यांच्या लेखी याला "धोका" म्हणत नाहीत. मी त्या टिकेवर जोत्याची उंची धरून बसले होते. पाया खोदायच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्यांच्या भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली आणि सगळं पुन्हा काढावं लागलं. चूक माझ्या प्रश्नाची होती. मी त्यांना घडलेलं विचारलंच नव्हतं, त्यांचं मत विचारलं होतं.

आता मी तेच चार तुकड्यांत विचारते. पहिला टिकेचा, अनेक पर्याय चालतील असा: "प्लॉटवर किंवा जुन्या घरात पाणी कोणत्या वर्षी आलं? 2005 / 2019 / 2021 / यांपैकी कधीच नाही / आम्ही तेव्हा इथे नव्हतो." हा शेवटचा पर्याय विसरू नका. नवा प्लॉट घेतलेला माणूस तो नसला की "कधीच नाही" वर टिक करतो आणि आपण फसतो.

दुसरा आकड्याचा: "आयर्विनला किती फूट झाले की तुमच्या गल्लीत पाणी येतं?" हा प्रश्न पुण्यात कोणाला विचारला तर काही कळणार नाही. सांगलीत शेंबडं पोरसुद्धा उत्तर देतं. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 चा पूल. त्याच्यापाशी मोजलेली पातळी पावसाळ्यात घरोघरी तासातासाला बघितली जाते. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, 2019 ला 57 च्या वर गेली होती, हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्याकडे 43 ला येतं, आमच्याकडे 50 शिवाय नाही, असे आकडे लोक न अडखळता देतात. जिथे लोकांनी स्वतःच मोजपट्टी करून ठेवली आहे तिथे आपली दुसरी पट्टी त्यांच्या हातात देऊ नये. तुमच्याकडे तासगावला हीच गोष्ट दुष्काळाच्या बाबतीत असेल. "पाण्याची टंचाई जाणवते का, 1 ते 5" असं विचारण्यापेक्षा "उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, महिन्याला किती" हे विचारा. टाकीचं माप त्यातून निघतं.

तिसरा एकच पर्याय निवडायचा: "सर्वांत जास्त पाणी आलं तेव्हा ते कुठपर्यंत होतं? रस्त्यावर / फाटकाच्या आत / पायऱ्यांवर / घरात घोट्याएवढं / खिडकीच्या कट्ट्यापर्यंत / त्याहून वर." मी इथे फूट मागत नाही, कारण पाणी घरात असताना कोणी टेप धरलेला नसतो. पायरी आणि खिडकी मात्र डोळ्यांसमोर असते, आणि ती मला नंतर मोजता येते.

चौथा मोकळा: "पाणी वाढतंय असं कळल्यावर सगळ्यांत आधी काय उचललंत? काय राहून गेलं?" या एका प्रश्नावर मला जेवढं मिळालंय तेवढं बाकीच्या सगळ्या फॉर्मवर मिळालेलं नाही. एका घरात धान्याच्या कोठ्या जिन्यातून वर जाईनात म्हणून खाली राहिल्या. एका घरात मीटर आणि मेन स्विच खाली, त्यामुळे वरच्या मजल्यावर पाणी नसूनही अंधार. एका आजोबांना वर न्यायला जिना अरुंद पडला. यातली प्रत्येक गोष्ट थेट नकाशात जाते: जिन्याची रुंदी, विजेच्या बोर्डाची जागा, वरच्या मजल्यावर कोठीची खोली. हे मी टिकेचे पर्याय देऊन विचारलं असतं तर "दागिने, कागदपत्रं, टीव्ही, इतर" असे पर्याय मीच बनवले असते, कारण त्या वेळी मला तेवढंच सुचलं असतं.

एक गोष्ट मात्र ग्राहकाला विचारूच नका: प्लॉट निळ्या पूररेषेत आहे की लाल (पुराच्या पाण्याच्या या दोन सरकारी हद्दी). ते अधिकृत नकाशावरून आपण बघायचं. तसंच झोनचं, रस्तारुंदीचं. माती कशी आहे, तेही. काळी आहे एवढं सगळेच सांगतील, किती खोल आहे ते खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. जे कागदावर किंवा साइटवर सापडतं ते ग्राहकाच्या तोंडून घेतलं की चुकलं तर दोष त्याच्या माथी आणि दुरुस्ती आपल्या.

पर्याय देण्यात एक मोठी गोम असते, ती थोडी सविस्तर सांगते. 2008 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीनंतर प्यू या संशोधन संस्थेने मतदारांना विचारलं, की मत देताना कुठला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटला. काहींना पाच पर्याय वाचून दाखवले, काहींना मोकळं विचारलं. पर्याय दिले तेव्हा 58 टक्के लोकांनी अर्थव्यवस्था म्हटलं, मोकळं विचारल्यावर 35 टक्क्यांनी. त्याहून बोलकी बाजू दुसरी आहे: मोकळं विचारलेल्यांपैकी 43 टक्क्यांनी त्या पाचांत नसलेलंच काहीतरी सांगितलं. पर्याय समोर असताना यादीबाहेर फक्त 8 टक्के गेले. म्हणजे "इतर" असं लिहून ठेवलं तरी माणूस सहसा तिथे जात नाही. समोर मांडलेल्या ताटातलंच वाढून घेतो.

घराच्या बाबतीत हे मी मिरजेच्या एका कुटुंबाबरोबर अनुभवलं. "कोणत्या खोल्या हव्यात?" खाली नऊ पर्याय. त्यांनी "पाहुण्यांची खोली" टिक केली, मी दिली, संडास-बाथरूमसकट. दोन वर्षांनी गेले तर त्या खोलीत शाळूची पोती, वर्षाची चटणी, हळद, पापड-कुरडयांचे डबे आणि एक जुनी शिलाई मशीन. त्यांना साठवणीची खोली हवी होती. माझ्या यादीत ती नव्हती, म्हणून त्यांनी जवळचं सापडलं ते निवडलं. आता मी खोल्यांची यादी देतच नाही. विचारते: "सध्याच्या घरात कुठली वस्तू ठेवायला जागा नाही म्हणून ती भलत्या ठिकाणी पडलेली असते?" आणि "वर्षाचं काय काय भरून ठेवता?" खोल्या ठरवणं माझं काम. त्यांचं घर कसं चालतं ते सांगणं त्यांचं.

यादी द्यायचीच असेल तर आधी मोकळा प्रश्न पाच-सहा कुटुंबांना तोंडी विचारून बघा आणि त्यांचेच शब्द पर्यायांत घाला. तुम्ही "युटिलिटी" लिहिलंय. पलूसच्या बाईंना ते "मागची मोरी" म्हणून माहीत आहे. "फॅमिली लाउंज" वर तुमच्या किती लोकांनी टिक केली ते मोजून बघा, आणि त्यांना सोपा किंवा बाहेरची खोली म्हणायचं होतं का ते विचारा.

स्वयंपाकघराबद्दल तुमचा एक रकाना आहे: "स्वयंपाकघराबद्दल तुमच्या अपेक्षा लिहा." मोकळा प्रश्न आहे, पण त्यालाही उत्तर मिळणार नाही. मिळालं तर "मोठं आणि हवेशीर". अपेक्षा हा शब्द परीक्षेतल्यासारखा वाटतो. मोकळा प्रश्न विचारायचा तर त्याला वेळ आणि जागा असावी. मी विचारते: "काल सकाळी उठल्यापासून साडेनऊपर्यंत स्वयंपाकघरात काय काय झालं? कोण कोण आत आलं, कशासाठी?" आणि खाली लिहिते, "लिहू नका, व्हॉइस मेसेज पाठवा."

ही एक सवय लावून घ्या. उत्तर कशाने द्यायचं, हासुद्धा प्रश्नाच्या प्रकाराचाच भाग आहे. 60 वर्षांच्या बाईंना मोबाईलवर मराठी टाइप करायला लावलं की दोन शब्द येतात. त्याच बाई व्हॉट्सॲपवर चार मिनिटं बोलतात, आणि बोलता बोलता कळतं की दूधवाला मागच्या दाराने येतो, डबे भरताना तिघी एकाच ओट्यापाशी उभ्या राहतात, सासूबाई भाजी निवडायला खाली बसतात आणि त्यांच्या पायाला सतत कोणीतरी अडखळतं. मी अशा एका संदेशानंतर ओट्याला काटकोनात एक बुटका कट्टा काढला. नकाशात दीड बाय तीन फूट. त्या घरात आजही त्या कट्ट्यावर भाजी निवडतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. फोनवर पर्याय वाचून दाखवले तर लोक सहसा शेवटी ऐकलेला धरतात, आणि छापील किंवा मोबाईलच्या पडद्यावर असतील तर वरच्या पर्यायांकडे झुकतात. म्हणून फोनवर सहा पर्यायांचा प्रश्न विचारूच नये. फोनवर हो-नाही, आकडा किंवा गोष्ट.

हो-नाहीला मी वाईट म्हणत नाही. घडलेल्या गोष्टीला तो उत्तम. "घरात जिना चढायला त्रास होणारं कोणी आहे का?" हो आलं तर पुढचे तीन प्रश्न उघडायचे, नाही आलं तर थेट पुढे. गुगल फॉर्ममध्ये उत्तरावरून पुढच्या विभागात पाठवायची सोय एकच पर्याय निवडायच्या प्रश्नाला आणि ड्रॉपडाउनला आहे. अनेक टिकांच्या प्रश्नाला ती नाही. तुमचा फॉर्म अर्ध्यात सुटण्याचं एक कारण हेच आहे. गोठा नसलेल्या माणसालाही तुम्ही जनावरांचे चार प्रश्न दाखवताय. आणि इथे आजाराचं नाव मात्र मागू नका. जिना चढवत नाही एवढं मला पुरतं, गुडघा की हृदय ते नको. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे, की कामापुरतीच माहिती घ्या आणि ती कशासाठी घेताय ते सांगा. कायदा नसता तरी परक्या माणसाने फॉर्मवर आजार विचारणं बरं दिसत नाही.

मतांवर आणि श्रद्धांवर मात्र हो-नाही चालत नाही. "वास्तुशास्त्र पाळता का?" यावर तरुण मुलगा "नाही" टिक करतो. नकाशा झाला की मामा किंवा ओळखीचे गुरुजी येतात आणि स्वयंपाकघर आग्नेयेला जातं. त्यात नवल काहीच नाही. प्रश्न त्या मुलाच्या श्रद्धेचा कधीच नव्हता. मी विचारते: "नकाशा पक्का करण्याआधी तुम्ही तो आणखी कोणाकोणाला दाखवणार?" मोकळा प्रश्न, एका ओळीचा. त्यात वडील येतात, पुण्याचा भाऊ येतो, गुरुजी येतात, मिस्त्री येतो. कामाचे महिने वाचवणारा माझ्याकडे याच्यासारखा दुसरा प्रश्न नाही. त्यात सल्लागाराचं नाव आलं तर पुढे टिकेचा प्रश्न: "मुख्य दार, देवघर आणि स्वयंपाकघर एवढ्याच दिशा बघायच्या / सगळा नकाशा त्यांच्या सल्ल्याने." दोन्हींना माझी तयारी असते, फक्त आधी कळायला हवं.

आता पैसे. तुम्ही "बजेट" असा रकाना ठेवलाय आणि तो बहुतेकांनी रिकामा सोडलाय. त्याआधी तुम्ही टप्पे देऊन बघितले होते: 20 ते 30 लाख, 30 ते 40, 40 ते 60, 60 च्या वर. तेव्हा जवळजवळ सगळे 30 ते 40 मध्ये आले, असं लिहिलंय. येणारच. सगळ्यांत खालचा टप्पा निवडायला कमीपणा वाटतो आणि वरचा निवडला तर आर्किटेक्ट खर्च वाढवेल अशी भीती. टप्पे आपण आखले की त्यांच्या ऐपतीऐवजी आपली पट्टीच परत येते. तुम्ही 40 पासून सुरुवात केली असती तर तेच लोक 50 ते 60 मध्ये आले असते.

मी पैशाचा एक प्रश्न चार ठिकाणी वाटलाय. पहिला टिकेचा, अनेक पर्यायांचा: "पैसे कुठून येणार? शिल्लक / गृहकर्ज / प्लॉट किंवा शेत विकून / पीएफ किंवा निवृत्तीचे / द्राक्ष, बेदाणा, ऊस अशा पिकाचे / घरच्यांकडून." यात लाजण्यासारखं काही नसतं, म्हणून लोक नीट उत्तर देतात. दुसरा तारखेचा, पण दिवस न मागता महिना: "यातले मोठे पैसे कोणत्या महिन्यात हातात येतील?" तुमच्याकडच्या द्राक्षवाल्यांना हा प्रश्न फारच महत्त्वाचा. छाटणीच्या दिवसांत, औषधांच्या खर्चात ते स्लॅब टाकू शकणार नाहीत. बेदाण्याचा सौदा झाल्यावर टाकतील. कामाचं वेळापत्रक यावरून लागतं, तुम्ही मात्र "काम किती महिन्यांत हवं" असं विचारलंय. तिसरा पुन्हा टिकेचा: "तुमच्या मनातल्या रकमेत काय काय धरलंय? बांधकाम / फर्निचर / कंपाउंड आणि फाटक / बोअर / लाइट कनेक्शन / आर्किटेक्टची फी / वास्तुशांत." सगळ्यांत जास्त भांडणं याच प्रश्नाच्या अभावी झालेली मी पाहिली आहेत. माणूस 35 लाख म्हणतो तेव्हा त्यात कंपाउंड आणि वास्तुशांतीचं जेवण धरलेलं असतं, आणि आपण ते 35 लाख नुसत्या बांधकामाला लावतो.

चौथा आकड्याचा, आणि तो फॉर्मवर नाही. पहिल्या भेटीच्या शेवटी, चहाचे कप उचलले गेल्यावर: "कुठल्या आकड्याच्या वर गेलो तर काम थांबवावं लागेल?" बजेट म्हणजे किती खर्च करायची इच्छा आहे, असं लोक समजतात. थांबायचा आकडा त्यांना नेमका माहीत असतो, कारण रात्री झोप त्याच आकड्याने उडते. तो ऐकल्यावर मी माझा नकाशा त्याच्या जरा आतच ठेवते.

मापांच्या प्रश्नांत एककाची काळजी घ्या. "प्लॉटचं क्षेत्रफळ?" याला "2" असं उत्तर येतं, "2200" येतं आणि "5 आर"सुद्धा येतं. आकड्याच्या रकान्याशेजारी गुंठे, चौरस फूट, आर असा एकच पर्याय निवडायचा प्रश्न ठेवा. 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे गणित तुम्ही करा, त्यांच्यावर टाकू नका. अंदाजे आकडा चालेल असं लिहा, नक्की माप मोजणी नकाशावरून घ्यायचंच आहे.

कागदपत्रांसाठी तुम्ही फाइल अपलोडचा प्रश्न ठेवलाय. तो काढा. गुगल फॉर्ममध्ये फाइल जोडायला भरणाऱ्याला गुगल खात्यात साइन-इन करावं लागतं. तिथेच कित्येकजण फॉर्म बंद करतात आणि पासवर्ड आठवत नाही म्हणून परत येत नाहीत. सातबारा, मोजणी नकाशा, प्रॉपर्टी कार्ड यांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. ग्रिडचे प्रश्न (डावीकडे खोल्या, वर गुण) मोबाईलवर आडवे सरकवावे लागतात, तेही काढा. ड्रॉपडाउन फक्त लांब आणि ठरलेल्या यादीला, म्हणजे तालुका किंवा महिना. त्यात "इतर" लिहायची सोय नसते, हे ध्यानात असू द्या.

क्रम लावायचा प्रश्न तुमच्याकडे आहे: दहा गोष्टींना 1 ते 10 क्रमांक द्या. पहिले दोन आणि शेवटचे दोन लोक विचार करून देतात, मधले सहा कसेही भरतात. त्याऐवजी पेच घाला. "जागा कमी पडली तर काय सोडाल: दुसरी गाडी आत लावायची सोय, की तळमजल्यावरची झोपायची खोली?" दोनच गोष्टी, आणि दोन्ही खरंच त्या प्लॉटवर एकमेकींच्या आड येणाऱ्या. असे तीन पेच पुरतात. ते प्रत्येक प्लॉटला वेगळे लिहावे लागतात, त्याला पंधरा-वीस मिनिटं जातात. पण तुमच्या 14 रेटिंगमधून जे निघायला हवं होतं ते या तिघांतून निघतं.

फोटो दाखवून निवड करायला लावणं हल्ली सगळे करतात. मीही करते, पण उलटं. बारा एलिव्हेशन, म्हणजे घरांच्या दर्शनी बाजू, दाखवून "यातलं कुठलं अजिबात नको?" असं विचारते. आवडलेला फोटो माणूस बरेचदा झाडामुळे किंवा संध्याकाळच्या दिव्यांमुळे निवडतो. नको असलेल्याचं कारण त्याला नेमकं सांगता येतं: "काचा फार आहेत, दुपारी तापेल."

फॉर्म कोणी भरायचा, हे तुम्ही ठरवलेलं नाही, म्हणून तो नेहमी मुलगा भरतो, बरेचदा पुण्यात ऑफिसमध्ये बसून. मी तीन छोटे भाग करते. प्लॉट, पैसे, गाड्या: जो खर्च करतोय त्याच्यासाठी. स्वयंपाकघर, साठवण, धुणं-भांडी: जी ते काम करते तिच्यासाठी, तिच्या नंबरवर, वेगळा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना फोन. एक घर सोडलं तर मला कोणी नाही म्हणालेलं नाही. त्या घरातही सुनेने नंतर स्वतःहून फोन केला. प्रत्येक भागात आठाच्या वर प्रश्न नाहीत, सुरुवात सोप्या टिकांनी, गोष्टीचा प्रश्न मध्यावर, पैशाचा शेवटी.

रेटिंग पूर्ण टाकून देऊ नका. घर दिल्यावर, एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यानंतर, प्रत्येक कुटुंबाला तेच सहा प्रश्न, तीच पाच पायऱ्यांची पट्टी: गळती, उजेड, दुपारचा उकाडा, जिना, साठवण, आवाज. एका घराच्या आकड्याला तेव्हाही फार अर्थ नाही. पण 30 घरं झाली की दिसतं, की साठवणीला आपल्याला सगळीकडून 2 आणि 3 मिळतायत. माझ्या बाबतीत असंच झालं, आणि म्हणूनच वर सांगितलेला वर्षाच्या भरणीचा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये आला. पट्टी दर वेळी तीच ठेवा, मधेच 5 ची 10 करू नका, नाहीतर जुन्या घरांशी ताडून बघता येणार नाही.

नवा फॉर्म झाला की ग्राहकाला पाठवण्याआधी एकदा घरातल्याच कोणाच्या तरी हातात द्या, आईच्या किंवा काकूंच्या, आणि शेजारी गप्प बसा. त्या कुठे थांबतात, कुठल्या प्रश्नाला तुमच्याकडे बघतात, तिथे खूण करा. माझ्या शेवटच्या फॉर्मला आमच्या आत्याबाई "सध्याच्या घरातली कोणती गैरसोय" या ओळीला थांबल्या आणि म्हणाल्या, "गैरसोय कसली गं, तुला काय अडतं ते सांगू का?" ती ओळ मी तिथल्या तिथे बदलली: "सध्याच्या घरात रोज काय अडतं?"